वाफे दहा, पाट एक

नागपंचमीला शिराळ्यात माहेरवाशिणी येतात, तशी पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरंही येतात. परवाच्या पंचमीला अंबामातेच्या देवळापाशी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पाया पडला आणि म्हणाला, “बाई, पगार झाला की आयटीचा ईटीएफ घेतोय. आपलंच क्षेत्र हाय, त्यातलं कळतंय आपल्याला. बरोबर करतोय न्हवं?” त्या गर्दीत मी एवढंच म्हटलं, “रविवारी घरी ये.” उत्तर द्यायचं तर सुरुवात माझ्या वडिलांपासून करावी लागणार होती.

वडील लालबागला एका कापडगिरणीत साचेखात्यात होते. तेव्हा आमच्या भागातल्या घराघरातलं कुणी ना कुणी गिरणीत, गोदीत नाहीतर माथाडी कामात असायचं. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन मनीऑर्डर आणायचा. आई त्यातून दुकानाची उधारी, आमच्या वह्या आणि भातलावणीची मजुरी भागवायची. वडील उधळे नव्हते. दर पगाराला शिल्लक टाकायचे, पण टाकायचे गिरणीतल्याच कामगारांच्या पतपेढीत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले. पगार थांबला. वडील पतपेढीत पैसे काढायला गेले, तर सगळेच सभासद त्याच रांगेत उभे, आणि ज्यांनी कर्जं फेडायची तेही संपातच. कमाई आणि साठवण दोन्ही एकदमच आटल्या. आपल्याला जे ठाऊक आहे तेच भरवशाचं, असं वडिलांना वाटलं होतं. माझ्या विद्यार्थ्यालाही आज तसंच वाटत होतं.

रविवारी तो आला. मी आधी त्याला विचारलं, “तू विकत काय घेतोस ते सांग.” त्याला नीट सांगता येईना, म्हणून इथेही मुळापासून सांगते.

ईटीएफ म्हणजे एक्स्चेंज ट्रेडेड फंड. हा म्युच्युअल फंडाचाच प्रकार, पण त्याची युनिट्स शेअरसारखी बाजार चालू असताना घेता-विकता येतात. त्यासाठी डिमॅट खातं लागतं. यात फंड व्यवस्थापक आपल्या मर्जीने कंपन्या निवडत नाही. एखाद्या निर्देशांकात ज्या कंपन्या ज्या प्रमाणात असतील, त्या त्याच प्रमाणात घेऊन ठेवतो. म्हणून खर्चही कमी. आपल्या देशात अशी पहिली योजना, निफ्टी बीज, जानेवारी २००२ मध्ये बाजारात आली. आयटीचे ईटीएफ मात्र २०२० पासूनचे. त्यातले बहुतेक निफ्टी आयटी या निर्देशांकाच्या मागून चालतात. त्यात दहा कंपन्या असतात: टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल टेक, विप्रो, टेक महिंद्रा, पुण्याची पर्सिस्टंट वगैरे. निर्देशांकात कुणाचं वजन किती, ते कंपनीच्या प्रवर्तकांकडे नसलेल्या, बाजारात खुल्या असलेल्या शेअरच्या मूल्यावर ठरतं. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमानुसार क्षेत्रीय ईटीएफमध्ये एका कंपनीचं वजन ३५ टक्क्यांच्या वर आणि पहिल्या तिघींचं मिळून ६५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. तरीही इन्फोसिस आणि टीसीएस या दोघींचंच वजन निम्म्याच्या आसपास असतं.

एकाच कंपनीवर भार टाकण्यापेक्षा ही टोपली नक्कीच बरी. आयटी शेअरचा विषय निघाला की कुणीतरी अमळनेरचं उदाहरण देतंच. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, पुढे ती संगणकाकडे वळून विप्रो झाली, आणि ज्या कुटुंबांनी तिचे शेअर पिढ्यान् पिढ्या जपले त्यांचं नशीब पालटलं. खरी गोष्ट आहे. पण सत्यम या आयटी कंपनीची गोष्टही तितकीच खरी. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्ष रामलिंग राजूंनी हिशेबातल्या खोट्या आकड्यांची कबुली दिली आणि एका दिवसात शेअरची तीन चतुर्थांशांहून जास्त किंमत गेली. निर्देशांकातून ती कंपनी काही दिवसांतच वगळली गेली. फक्त सत्यम घेतलेला माणूस बुडाला, सगळ्या कंपन्या थोड्या थोड्या घेतलेला सावरला. ईटीएफचा खरा उपयोग हाच.

पण त्याची मर्यादाही नीट समजून घ्यायला हवी. आमच्याकडे मोरणा नदीच्या पाण्यावर शेती आहे. एका शेतकऱ्याचे दहा वाफे असले, तर एका वाफ्यात कीड पडली तरी नऊ तगतात. पण दहाही वाफ्यांना पाणी एकाच पाटाचं असेल आणि तो पाट वरूनच तुटला, तर दहाही सुकतात. निफ्टी आयटीतल्या कंपन्यांचा पाट अमेरिका आणि युरोपातून येतो. तिथल्या बँका, विमा कंपन्या, दुकानसाखळ्या संगणकाच्या कामासाठी जो खर्च करतात, त्यावर यांची बहुतेक मिळकत. त्यांनी हात आखडला की दहाही कंपन्या एकदम वाळतात. डॉलरचा भाव, तिथले व्याजदर, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कामाचं काय होणार ही धास्ती, सगळं त्या एकाच पाटातून येतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षं निफ्टी आयटी पन्नास टक्क्यांहून जास्त वाढला होता. मी नुकतीच निवृत्त झाले होते. लेक आयटीत, ती म्हणाली, “आई, काम एवढं आहे की माणसं पुरत नाहीत.” जानेवारी २०२२ मध्ये निवृत्तीच्या रकमेतले दोन लाख मी एका आयटी ईटीएफमध्ये घातले. युनिटचा भाव साधारण चाळीस रुपये होता. सप्टेंबरअखेर तो अठ्ठावीसच्याही खाली आला. दोन लाखांचे एक लाख चाळीस हजारही उरले नाहीत. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठा धक्का वेगळा होता. त्याच महिन्यांत लेकीच्या कंपनीने पगारातला कामगिरीचा हिस्सा रोखून धरला. एका घरातली कमाई आणि साठवण पुन्हा एकाच पाटावर होती. तीस वर्षं मी मुलांना गणित शिकवलं होतं आणि घरातलं हे गणित चुकलं होतं.

मी विकलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये निर्देशांकाने नवा उच्चांक गाठला, आणि पुढच्या चार महिन्यांत तो पुन्हा पाव हिश्श्याहून जास्त घसरला. असे हेलकावे या क्षेत्राच्या अंगातच आहेत. अमेरिकेतला, तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला नॅस्डॅक निर्देशांक मार्च २००० च्या शिखरावरून अडीच वर्षांत तीन चतुर्थांशांहून जास्त कोसळला आणि त्या शिखरावर परत यायला त्याला २०१५ उजाडलं. पंधरा वर्षांत मुलांची शिक्षणं होतात, लग्नं होतात, माणूस निवृत्त होतो. ज्या पैशाची वेळ ठरलेली आहे, तो इथे ठेवायचा नाही.

घेताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. युनिटमागे खरी मालमत्ता किती रुपयांची आहे, तो आकडा फंड कंपनी बाजार चालू असताना जाहीर करत असते. बाजारातला भाव त्याच्या जवळपास आहे का, ते तपासावं, आणि आपला भाव स्वतः घालून लिमिट ऑर्डर द्यावी. अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांच्या ईटीएफमध्ये तर हे फारच महत्त्वाचं. परदेशी गुंतवणुकीवर रिझर्व्ह बँकेने घातलेल्या मर्यादेमुळे त्यांची नवी युनिट्स सहज तयार होत नाहीत, म्हणून ती कधी कधी खऱ्या मूल्यापेक्षा बरीच महाग विकली जातात. दुसरं कराचं. आपल्याकडच्या शेअर ईटीएफचं युनिट वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के, आणि वर्षानंतर विकलं तर वर्षातल्या सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर, असा जुलै २०२४ पासूनचा नियम आहे.

हे सगळं ऐकून विद्यार्थी म्हणाला, “म्हंजी घ्यायचंच न्हाई?” मी म्हटलं, घे, पण चिमूटभर. तुझा पगार हीच तुझी आयटीतली सगळ्यात मोठी गुंतवणूक आहे. आधी सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेव, कारण नोकरीवर गदा येईल तेव्हा तुझा ईटीएफही पडलेला असण्याचाच संभव जास्त. मग निफ्टी ५० सारखा सगळ्या क्षेत्रांचा ईटीएफ घे. त्यात साधारण दहावा हिस्सा आयटीचा असतोच. खरं तर आयटीचा वेगळा ईटीएफ आपल्या शेजारच्या ऊसवाल्याला तुझ्यापेक्षा जास्त शोभेल. त्याचं पोट कारखान्याच्या बिलावर आणि दुधाच्या हिशेबावर, अमेरिकेतल्या बँकेवर नाही. क्षेत्रातलं कळतं म्हणून तिथेच सगळं ठेवावं, असं नसतं. कळत असलं तरी पाट तोडायचा की नाही, हे काही आपल्या हातात नाही.

मग मी त्याला वहीचं एक पान दिलं आणि दोन रकाने आखायला लावले. डावीकडे घरात पैसा कुठून येतो, उजवीकडे तो कुठे ठेवला आहे. वाचणाऱ्या प्रत्येकाने आज रात्री हे पान करून पाहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो लिहीत होता तेव्हा शेजारी बसून मी वडिलांचं पानही भरून पाहिलं. दोन्ही रकान्यांत एकच शब्द आला: गिरणी.