कॅमशाफ्टच्या गावात व्हीटेक

जपानी स्पोर्ट्स कारचं वेड लागलेल्या सोलापूरच्या पोराला आधी कायदा आडवा येतो, पैसा त्यानंतर. टोयोटाची 1983 ची एई86, माझदाची 1989 ची एमएक्स-5, 1993 ची सुप्रा ही नावं त्याला तोंडपाठ असतात. पण वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. जिला जुनी म्हणून भाव आहे, ती जुनी म्हणूनच बंदरावर अडते.

मग उरते ती इथेच बनलेली जपानी गाडी. माझं मत विचाराल तर 2000 ते 2003 मधली होंडा सिटी व्हीटेक. स्पोर्ट्स कार म्हणून हिला कुणी ओळखणार नाही. चार दारं, बऱ्यापैकी डिकी, मागच्या सीटवर तीन माणसं. सात रस्त्यावर उभी केली तर मित्र म्हणणार, ‘काय बे, काकांची गाडी आणलीस?’ म्हणू द्यावं. बॉनेटखाली काय आहे ते बॉनेट उघडल्याशिवाय कळत नाही, हीच तर हिची गंमत आहे.

होंडाने ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून पहिली सिटी जानेवारी 1998 मध्ये बाजारात आणली. गाडीचा सांगाडा ऐंशीच्या दशकातल्या सिव्हिकवरून घेतलेला आणि बेत आशियातल्या काटकसरी गिऱ्हाइकासाठी आखलेला. 2000 मध्ये तिच्यात 1493 सीसीचं व्हीटेक इंजिन आलं. ताकद 106 अश्वशक्ती आणि गाडीचं वजन टनाच्या आसपास. तेव्हा त्या किमतीत असला जोर दुसरीकडे मिळत नव्हता, त्यामुळे रॅलीवाल्यांनी ती लगेच उचलली. 2003 मध्ये नवी सिटी आली ती 77 अश्वशक्तीचं इंजिन घेऊन. मायलेज पाहणारं गिऱ्हाईक खूश झालं, होंडाचा धंदाही वाढला. धंद्याच्या दृष्टीने कंपनीचं बरोबरच होतं. पण जुन्या व्हीटेकवर जीव टाकणारी जमात तयार झाली ती तिथूनच.

या इंजिनाची करामत कॅमशाफ्टमध्ये आहे आणि कॅमशाफ्ट सोलापूरला नवा नाही. यतीन शहा यांनी 1992 मध्ये सुरू केलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी इथलीच. चादरीच्या गावातून जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई यांच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट जातात. गावाला मात्र ही कंपनी ‘प्रिसिजन गप्पा’ हा कार्यक्रम आणि संगीत महोत्सव यांमुळेच जास्त माहीत असावी, असा मला दाट संशय आहे.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर फिरणारा दांडा. त्याच्यावरचे उंचवटे, म्हणजे कॅम, रॉकर नावाच्या दांडीला ढकलून व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटा बुटका असला तर कमी वेगात गाडी गुळगुळीत चालते, पेट्रोल कमी लागतं. पण वरच्या वेगात इंजिनाला दम लागतो. तो उंच केला तर वरचा जोर मिळतो आणि गर्दीत गाडी गचके खाते. होंडाच्या इकुओ काजितानी या अभियंत्याने दोन्ही जातीचे उंचवटे एकाच दांड्यावर बसवले, तेच व्हीटेक. 1989 च्या इंटेग्रात असं इंजिन प्रथम आलं तेव्हा 1.6 लिटरमधून 160 अश्वशक्ती निघत होती, म्हणजे लिटरमागे शंभर. आपल्या सिटीतली रचना त्याहून साधी, करामत फक्त हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हपुरती. एरवी मधला उंच कॅम रिकामाच आपला रॉकर हलवत बसतो. फेऱ्या वाढल्या की ऑइलच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, शेजारचे रॉकर मधल्याशी जखडले जातात आणि सगळे त्या उंच कॅमच्या तालावर नाचू लागतात. आवाजाची पट्टी बदलते आणि पाठ सीटला टेकते.

सगळा खेळ ऑइलवर आहे, म्हणून विकत घेताना पहिली परीक्षा ऑइलची. डिपस्टिक ओढून बघावी. ऑइल कमी किंवा डांबरासारखं काळं असेल तर व्हीटेकला ऑइल सोडणाऱ्या सोलेनॉइडची बारीक जाळी तुंबते आणि उंच कॅमची पाळीच येत नाही. गाडी तरीही चालते, त्यामुळे विकणाऱ्याला पत्ता नसतो, किंवा असतो. इंजिन नीट गरम करून तुळजापूर रोडला मोकळा पट्टा गाठावा आणि दुसऱ्या गिअरमध्ये फेऱ्यांचा काटा वर जाऊ द्यावा. आवाज बदललाच नाही, तर भाव बदलायला सांगावं.

एवढं झाल्यावर जुना मेस्त्री म्हणेल, ‘मालक, इंजिन होतंय बघा, आधी पत्रा बघा.’ त्याचं ऐकावं. टॅपेटचा आवाज फीलर गेज घालून, स्क्रू फिरवून तासाभरात बसवता येतो. टायमिंग बेल्ट नवा मिळतो आणि किलोमीटर कितीही कमी असले तरी तो बदलावाच, कारण रबर वयानेही मरतं आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. गंजलेल्या पत्र्याला मात्र असा सोपा इलाज नाही. मागच्या चाकांच्या कमानीवर आतून बोट फिरवावं, डिकीतली स्टेपनी काढून तळ बघावा, दारांखालच्या पट्टीवर टिचकी मारावी. आवाज बद्द आला तर आत पुट्टी आहे.

इथे सोलापूरचं कोरडं हवामान कामाला येतं. मुंबई-रत्नागिरीत मुरलेल्या गाडीपेक्षा एमएच-13 ची गाडी पत्र्याला सहसा बरी निघते. पण उन्हाळा रबराची वाट लावतो. दारांची रबरं, होजपाइप, इंजिन माउंटिंग तडकलेली असतात. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असताना उघडून बघावं. आत पांढरी खपली दिसली तर मालकाने बोअरचं जड पाणी ओतलेलं आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात डिस्टिल्ड वॉटर विकत कोण आणतो?

कागद तितकेच जपून बघावेत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या चारचाकीला त्यासाठी ऑगस्ट 2025 पासून दहा हजार रुपये शुल्क आहे, पर्यावरण कर वेगळा. सीमेवरच्या गावाला आणखी एक मोह असतो: विजयपूरची केए-28, कलबुर्गीची केए-32. तिकडून आणलेल्या गाडीला एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्सही, तेव्हा स्वस्त पडली म्हणण्याआधी हा हिशेब मांडावा. दिल्लीकडे इतक्या जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं असल्याने तिथून मोहक भाव येतात. एनओसी हातात पडेपर्यंत बयाणा देऊ नये. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीने छाप घ्यावा आणि आरसीशी आकडा न् आकडा ताडून बघावा.

शेवटी दोन गाड्या समोर उरल्या, एक अलॉय आणि फाटक्या आवाजाचा सायलेन्सर लावलेली, दुसरी एखाद्या निवृत्त प्राध्यापकाने सर्व्हिसच्या पावत्यांसकट ठेवलेली, तर डोळे मिटून दुसरी घ्यावी. पहिल्या महिन्यातला पैसा बेल्ट, ऑइल, कूलंट आणि टायर यांत जाऊ द्यावा. सायलेन्सर कंपनीचाच राहू द्या. वाहतूक पोलिसांनी बुलेटवाल्यांचे सायलेन्सर रोलरखाली घातलेले सगळ्यांनी पाहिलेत.