षड्ज जागचा हलतो तेव्हा

२००३ साली इटलीतल्या तोस्काना भागात पेत्रा मागोनी या गायिकेचे लहान क्लबांमध्ये काही कार्यक्रम ठरले होते. साथीला एक गिटारवादक मित्र होता, तो ऐन वेळी आजारी पडला. पेत्राने फेरुच्चो स्पिनेत्तीला गळ घातली. फेरुच्चो गिटारवाला नव्हता. तो वाजवायचा डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं ते माणसाएवढं उंच, उभं राहून वाजवायचं धूड. सहा तारांची गिटार एका फटकाऱ्यात अख्खी कॉर्ड हाती देते. डबल बेसला तारा चार, आणि बहुतेक वेळ सूर एकच, तोही खालच्या सप्तकातला. कार्यक्रम रद्द करायला कारण पुरेसं होतं. पण तो झाला, रंगला, आणि ही जोडी कायमची जमली. 'मूझिका नूदा' या नावाने २००४ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. त्यात होती जगाने हजारदा ऐकलेली गाणी: बीटल्सचं 'एलिनॉर रिग्बी', पोलीस बँडचं 'रॉक्सॅन', ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह'. ड्रम नाहीत, पियानो नाही. एक गळा आणि एक बेस.

ऐकताना काहीच कमी वाटत नाही, हे मला अजूनही नवल वाटतं. पॉप गाण्याचा सगळा डौल वाद्यमेळावर उभा असतो अशी आपली समजूत. मग तो मेळ गेला तरी गाणं उभं कसं?

याचं अर्धं उत्तर आपल्याच पेटीवर सापडतं. मधल्या सप्तकातला सा गात राहा आणि कुणाला तरी पेटीवर खर्जाकडचे सूर एकेक करून धरायला सांगा. खाली सा असेल तर तुमचा सूर घरी बसलेला. खाली म धरला की तुमचा तोच सा त्या म-चा पंचम होतो. खाली कोमल ध आला तर तो शुद्ध गंधार होऊन उजळतो, आणि शुद्ध ध आला तर कोमल गंधार होऊन एकदम मलूल पडतो. तुमचा गळा तसूभरही हललेला नाही, तरी सुराला चार वेगवेगळे अर्थ मिळाले. आपल्या संगीतात तानपुरा षड्ज धरून ठेवतो आणि त्या स्थिर आधारावर गायक फिरतो. इथे आधारच फिरतो. कॉर्डमध्ये तीन-चार सूर असतात खरे, पण कुठली कॉर्ड ते मुख्यतः तळचा सूर ठरवतो. तो तळ बेसने दिला आणि वरचा एक नेमका सूर गायिकेने दिला, की मधले सूर कान आपले आपण भरून घेतो.

कान असं न वाजलेलं ऐकतो, ही निव्वळ कविकल्पना नव्हे. डबल बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला इतका खालचा सूर जवळपास काढताच येत नाही. त्यातून बाहेर पडतात ती त्या सुराची वरची स्वयंभू कंपनं, ८२, १२३, १६४ अशी. त्यांच्यातलं सारखं अंतर ओळखून मेंदू तळचा ४१ स्वतः मांडतो, आणि स्पीकरमधून न आलेला खर्ज आपल्याला 'ऐकू' येतो.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग स्मरणात आहे. म्हणून तर गाजलेलीच गाणी निवडायची. १९६६च्या मूळ 'एलिनॉर रिग्बी'त एकाही बीटलने वाद्याला हात लावलेला नाही. चार व्हायोलिन, दोन व्हिओला आणि दोन चेलो, एवढ्यांवर गाणं चालतं. आठ तंतुवाद्यांत डबल बेस मात्र एकही नाही! या गाण्याचा सांगाडा जवळजवळ दोनच कॉर्डचा आहे. आपल्या भाषेत, तळ सा-वरून कोमल ध-कडे जातो आणि परत येतो, म्हणजे वर पेटीवर केलेल्या प्रयोगातलाच एक जिना. वरचे बरेचसे सूर दोन्हीकडे सामाईक, त्यांच्यावरचा उजेड तेवढा पालटतो. ज्याने मूळ ऐकलंय त्याच्या डोक्यात ती आठ वाद्यं बेस हलला की आपसूक सुरू होतात. अनोळखी गाण्याला ही फुकटची साथ मिळत नाही.

'आय विल सर्व्हाइव्ह'ची गंमत याहून न्यारी. १९७८चं हे डिस्को गाणं मुळात रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेलं होतं. त्याच्या कॉर्डचे तळ इंग्रजी नावांनी असे उतरतात: ए, डी, जी, सी, एफ, बी, ई. प्रत्येक सूर आधीच्याच्या मध्यमावर, एफनंतरचा बी तेवढा तीव्र मध्यमावर. आणि डबल बेसच्या चार तारा खालून वर कशा लावतात? ई, ए, डी, जी, प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमावर! म्हणजे मूळ पट्टीत गाण्याच्या सात तळांपैकी चार नुसत्या मोकळ्या तारांवर मिळतात. नाचघरासाठी बांधलेली चाल या धुडाच्या अंगातच दडलेली होती असं म्हणावंसं वाटतं. खरं कारण साधं आहे: चौथ्या सुरावर उडी हे पाश्चात्त्य संगीताचं जुनंच वळण आहे.

हे सोपं मात्र अजिबात नाही. डबल बेसला पडदे नसतात. तारेचा वाजणारा भाग साधारण एक मीटरहून थोडा जास्त लांब, त्यामुळे खालच्या जागी एका अर्ध्या सुराचं अंतर जवळपास सहा सेंटिमीटर भरतं. बोट जरा सरकलं की सूर गेला, आणि झाकायला तिसरं कुणी नाही. ताल धरायचा तोही याच माणसाने, तार छेडून, मध्येच लाकडावर थाप मारून. गायिकेलाही पियानोचा आधार नाही. पण त्यातच एक मोकळीक आहे. पियानोचे सूर समान वाटे करून बांधलेले असतात. पेटीचेही तसेच, आणि याच तक्रारीवरून आकाशवाणीने १९४०पासून तीसेक वर्षं हार्मोनियमला दार बंद केलं होतं. गळा आणि बिनपडद्याची तार यांना गंधार हवा तिथे, हवा तेवढा खाली घेता येतो. पेत्राने तरुणपणी पाश्चात्त्य प्राचीन संगीताचं शिक्षण घेतलेलं आहे, आणि तिथे असल्या गंधाराची कदर असते.

ही वाट या दोघांनी पाडलेली नाही. १९५८ साली पेगी लीने लिटल विली जॉनचं दोन वर्षांपूर्वीचं 'फीव्हर' घेतलं, त्यातली वाद्यं काढून टाकली आणि बेस, थोडे ड्रम आणि चुटक्या एवढ्यावर गायलं. आज बहुतेकांना तेच मूळ वाटतं. गळा आणि बेस ही जोडी खऱ्या अर्थाने जोपासली ती डेट्रॉइटच्या शीला जॉर्डनने. १९२८चा जन्म, चार्ली पार्करची भक्त, पोटासाठी अनेक वर्षं टायपिस्टची नोकरी. १९७७ मध्ये नॉर्वेच्या आरिल्ड अँडरसनसोबत तिने नुसत्या बेसवर अख्खा अल्बम केला. जाझच्या इतिहासात तिच्या वाट्याला याहून मोठी जागा यायला हवी होती, असं माझं मत.

'रॉक्सॅन' राहिलंच. स्टिंगच्या डोक्यात ते आधी बोसा नोव्हाच्या अंगाने होतं, ड्रमर स्टुअर्ट कोपलंडने ते टँगोकडे वळवलं. पोलीसमध्ये स्टिंगकडे दोन कामं होती, गाणं आणि बेस वाजवणं, आणि त्याआधी तो जाझच वाजवायचा. म्हणजे गळा आणि बेस ही जोडी या गाण्यात पहिल्यापासूनच होती, फक्त एकाच माणसात.