संवत्सराचा नवा नैवेद्य

आज वर्षप्रतिपदा. दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या, साखरेच्या गाठी वाऱ्यावर डोलू लागल्या आणि कडुनिंबाची कोवळी पाने-फुले, मिरे, हिंग, मीठ, जिरे व ओवा एकत्र वाटून केलेली गोळी जिभेवर ठेवून घरोघरी संवत्सराचा पहिला घास घेतला गेला. कडू घासाने वर्षाचा आरंभ करायचा आणि त्यामागून लगेच गोडाचे ताट वाढायचे, अशी ही आपली रीत. ज्या धर्माने वर्षाची सुरुवातच स्वयंपाकघरातून करून दिली, त्या धर्मातील गृहिणीने आजच्या दिवशी पुढील बारा महिन्यांच्या स्वयंपाकाचा संकल्प केला तर त्यात नवल ते काय?

आम्ही पंढरपूरचे. चाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभे राहून हरिकथा सांगण्याचा योग पांडुरंगाने दिला. यंदा तुकाराम बीजेपासून पाडव्यापर्यंत ठिकठिकाणी कीर्तने झाली आणि आरतीनंतर बुक्का लावून घेण्यास आलेल्या मायभगिनींशी बोलणे झाले. एकीने विचारले, "बुवा, आजी गव्हले करून खीर करीत असे. ते हाताने वळणे यंदा शिकायचे आहे. करू ना?" दुसरीच्या घरी मधुमेह आला आहे, नैवेद्य गोडाचा हवा, पण प्रसाद यजमानांना झेपेल एवढाच हवा, ही तिची चिंता. एक तरुण गृहस्थ संकोचाने म्हणाले, "पत्नी नोकरीनिमित्त परगावी असते. यंदा गणपतीचे उकडीचे मोदक मीच करणार." आणि प्रत्येकाच्या बोलण्याच्या शेवटी तोच प्रश्न होता : "हे आपल्याकडे कधी झालेले नाही. देवाला चालेल ना?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस किती, हे पुढे सांगूच. पण कीर्तनकाराला प्रश्न विचारला की त्याला आधी आख्यान आठवते.

मुक्ताईची इच्छा

आळंदीची ती कथा कोणास ठाऊक नाही? आईबापांचे छत्र हरपलेली चार भावंडे, गावाने वाळीत टाकलेले घर, आणि त्या घरातल्या धाकट्या मुलीला एके दिवशी मांडे करावेसे वाटले. मांडा म्हणजे काही साधी पोळी नव्हे. सपीट चांगले मळून, तिंबून, गोळा हातांवर झेलीत झेलीत कापडासारखा पातळ वाढवायचा आणि पालथ्या खापरावर क्षणभर भाजून त्याची घडी घालायची. बेळगावकडे लग्नकार्यात आजही मांडे होतात. तेव्हा मुक्ताई खापर आणण्यास कुंभाराकडे निघाली. विसोबांनी कुंभारांना आधीच बजावले होते की, या संन्याशाच्या पोरांना कोणी काही देऊ नये. पोर रिकाम्या हाताने रडत घरी आली. परंपरा सांगते की, ज्ञानदेवांनी योगाग्नी चेतवून आपली पाठ तापविली आणि म्हटले, "मुक्ते, भाज तुझे मांडे." हे दृश्य पाहून विसोबांचा अहंकार गळाला. ते शरण आले, तेथला प्रसाद त्यांनी याचून घेतला, आणि पुढे हेच विसोबा खेचर नामदेवरायांचे गुरू झाले.

हे आख्यान लावताना आम्ही नेहमी योगसामर्थ्याचे वर्णन करीत आलो. श्रोत्यांनाही तेच आवडते. पण या कथेच्या मुळाशी काय आहे? एका मुलीला एक पदार्थ करून पाहावासा वाटला, एवढेच. त्या इच्छेला थोर ज्ञानी पुरुषाने क्षुल्लक म्हटले नाही. त्याने आपली पाठ चूल म्हणून दिली. घरात कोणी काही नवे करू म्हटले, की त्या घरातील वडीलधाऱ्यांपुढे दोनच वाटा असतात : ज्ञानदेवांची किंवा शरण येण्यापूर्वीच्या विसोबांची.

आमचा विसोबा

आता आमची कबुली. सतरा-अठरा वर्षांपूर्वीची नागपंचमी. त्या दिवशी चिरू नये, तळू नये, तवा चुलीवर ठेवू नये असा आपल्याकडचा आचार. म्हणून आमच्या घरी पुरणाची दिंडे उकडतात. कणकेच्या पारीत पुरण ठेवून तिची चौकोनी घडी करायची आणि वाफवायचे. सूनबाई कोकणातली, घरात येऊन वर्षही झाले नव्हते. तिने माहेराहून येणाऱ्या माणसाबरोबर हळदीची पाने मागविली होती. पहाटे उठून तांदळाची पिठी भिजविली, ती पानावर थापली, मध्ये ओल्या खोबऱ्याचे व गुळाचे सारण भरले, पान दुमडले आणि वाफेवर ठेवले. पातोळ्यांच्या त्या सुगंधाने देवघर भरून गेले होते. तिने ते नैवेद्याच्या ताटात दिंडांशेजारी मांडले, आणि आम्ही म्हणालो, "हे आपल्या घरात नाही. ताट बदलून आणा."

ती काही बोलली नाही. ताट बदलून आले. तेवढ्यात माजघरातून आमच्या मातोश्रींचा आवाज आला, "ते ताट इकडे आण गं." पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या माउलीने नैवेद्य झाल्यावर दोन पातोळे खाल्ले, पान बोटांनी निपटले आणि आम्हांकडे पाहून म्हटले, "अरे, ही दिंडे तरी कोणत्या घरची? माझ्या माहेरची. मी पहिल्यांदा केली तेव्हा तुझ्या आजीने तोंडसुद्धा लावले नव्हते."

वाचकहो, ज्या गावात काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये 'धर्मसिंधू' पूर्ण केला, त्या गावात आम्ही शास्त्राध्ययन केले. पण देशाचार, कुलाचार आणि निव्वळ सवय यांतला भेद त्या दिवशी एका अशिक्षित वृद्धेने शिकविला. नागपंचमीचा आचार चिरण्या-तळण्याविरुद्ध. पातोळ्यांत ना चिरणे, ना तळणे, ना तवा. आचाराचा भंग कोठेच नव्हता. भंग झाला होता तो आमच्या अपेक्षेचा. त्यानंतर सूनबाईने आमच्या घरचे सारे कुळधर्म निष्ठेने सांभाळले. मात्र स्वतःच्या माहेरचा पदार्थ सणाच्या ताटात तिने पुन्हा कधी वाढला नाही. मातोश्री निवर्तल्या. चाळीस वर्षे मुक्ताईचे आख्यान सांगणाऱ्या आम्हांस हे मौन ऐकू यायला फार उशीर लागला.

जुने ते कधी तरी नवे होते

"पूर्वापार चालत आलेले" असे आपण ज्यास म्हणतो, ते किती पूर्वीचे असते? एकादशीचेच पाहा. साबुदाण्याच्या खिचडीवाचून आज आपला उपवास होत नाही. पण तिच्यातील मिरची पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून आणली. बटाट्याचे मूळ तिकडचे आणि शब्दही पोर्तुगीज. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. आजचा साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदाच्या सत्त्वापासून सेलमच्या परिसरातील कारखान्यांत तयार होतो, तो कंदही त्याच खंडातला. बाकी राहिले तूप, जिरे आणि मीठ! १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्या काळच्या एकादशीला ही खिचडी असणे शक्यच नव्हते. तिला उपवासाच्या ताटात पहिल्यांदा बसविणारी कोणी तरी गृहिणीच होती, आणि तिच्या सासूनेही नाक मुरडले असेलच.

ग्रंथांतही हेच दिसते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांड्यांचे पूर्वज मंडक आहेत, श्रीखंडाची पूर्वज शिखरिणी आहे, आणि इडरिकाही आहे. पण ती इडरिका केवळ उडदाची; तीत तांदूळ नाही. नाव टिकले, पाक बदलला. याच ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात अशी नोंद आहे. म्हणजे आमच्या कीर्तनाची आणि तुमच्या स्वयंपाकाची सोयरीक नऊशे वर्षांची तरी खरी. पुढे सोळाव्या शतकात भावमिश्रांनी 'भावप्रकाशा'त कुंडलिनीची कृती दिली. ही कुंडलिनी म्हणजे आपली जिलबी. तिचे मूळ नाव अरबी-फारसी वळणाचे. पण वैद्यराजांनी तिला संस्कृत नाव देऊन पक्वान्नांच्या पंक्तीत बसविले. त्यांनी तिला ताट बदलून आणण्यास सांगितले नाही.

उलट, जे खरोखर जुने आहे ते आपण विसरलो. श्रावणी सोमवारी रुद्राभिषेकात जो चमक म्हणतात, त्याच्या चौथ्या अनुवाकात यजमान देवाकडे धान्ये मागतो : व्रीही, यव, माष, तीळ, मूग, गहू, मसूर, आणि त्यांच्याच पंक्तीत प्रियंगू म्हणजे राळे, श्यामाक म्हणजे सावा. यांपैकी राळे आणि सावा आज किती घरांच्या फडताळात आहेत? २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा कोठे शहरांतील दुकानांत राळ्याची पाकिटे दिसू लागली. सूनबाईंना जे 'नवे' वाटते, ते वेदाला परिचित असते, असा हा चमत्कार.

संकल्प कसा करावा

म्हणून आज पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर नव्या वर्षाच्या पदार्थांची यादी लिहावी, असे आम्ही सुचवितो. महिन्यास एकच पदार्थ पुरे. चैत्रात हळदीकुंकवाला पन्हे साखरेऐवजी गुळाचे करून पाहावे. आषाढीला साबुदाण्याच्या जागी वरईचा भात करावा. वरई धुऊन, तुपावर परतून, दुपटीहून थोडे अधिक आधणाचे पाणी घालून मंद आचेवर मोकळी शिजवावी. श्रावणात राळ्याची खीर करावी. भाद्रपदात ऋषिपंचमीची भाजी सर्व नियमांनिशी, बैलाच्या श्रमावाचून उगवलेल्या अळू-माठ-सुरणाची करावी. पौषात भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ स्वतः थापावेत. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी गूळही साखरेसारखाच मोजून वापरावा आणि गोडाचा नैवेद्य लहान वाटीत दाखवावा. देव वाटीचा आकार पाहत नाही.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र नीट ध्यानी ठेवावी. आपल्याकडे नैवेद्यापूर्वी चव पाहत नाहीत. त्यामुळे कधीच न केलेला पदार्थ थेट सणाच्या दिवशी करू नये. मीठ चुकले तर ते पंगतीतच कळेल. आधी एखाद्या साध्या दिवशी थोड्या प्रमाणात करून पाहावा, माप वाटीने मोजावे आणि लगेच लिहून ठेवावे. 'अंदाजाने' हे माप आईच्या हाताबरोबर जाते. आमच्या मातोश्रींच्या दिंडांतील पुरणाला जो स्वाद होता तो आता कोणासच साधत नाही, कारण आम्ही ती पन्नास वर्षे खाल्ली, पण त्यांत त्या काय घालीत हे एकदाही विचारले नाही. यादीत प्रत्येक पदार्थापुढे तो कोणाकडून शिकायचा तिचे नाव लिहावे, आणि त्या वृद्धेकडे याच महिन्यात जाऊन यावे.

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. काल्याच्या कीर्तनात आम्ही सांगतो की, गोपाळांनी आपापल्या घरच्या शिदोऱ्या सोडल्या. कोणाचे पोहे, कोणाच्या लाह्या, कोणाचे दही, कोणाचे नुसते लोणचे. भगवंताने "हे आमच्या घरात नाही" म्हणून एकाचीही शिदोरी परत केली नाही. सगळे एकत्र कालविले आणि त्यालाच प्रसाद म्हटले. घरात येणारी सूनसुद्धा अशीच एक शिदोरी घेऊन येत असते.

परवा आम्ही नवे पंचांग सूनबाईंपुढे ठेवले आणि म्हणालो, "यंदा नागपंचमीला दिंडांशेजारी पातोळे हवेत." त्या जरा वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाने कोठून आणायची, मामंजी? हळद लावावी लागेल आधी." अक्षय्य तृतीयेला परसदारी दोन कुंड्यांत हळदीचे कंद लावायचे ठरले आहे. पाणी घालण्याचे काम आम्ही मागून घेतले आहे.