खांदा बदलताना पहिले नव्वद दिवस

शेठ वालचंद हिराचंद यांनी वसवलेलं इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर यंत्रांसाठी ओळखलं जातं. साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीपासून इस्रोच्या रॉकेट मोटारींच्या आवरणांपर्यंत अवजड कामं इथे झाली. फिटर, वेल्डर म्हणून राबलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. वर्षानुवर्षं हात डोक्याच्या वर नेऊन केलेल्या कामाने खांद्याचे स्नायुबंध झिजतात. त्यात वय वाढतं, सांधा खराब होतो, रात्री कुशीवर झोपता येत नाही. गोळ्या, व्यायाम, इंजेक्शन करूनही भागेना, की डॉक्टर खांदा बदलण्याचा पर्याय सुचवतात. मग घरात पहिला प्रश्न निघतो, "नवा सांधा किती वर्षं टिकेल?"

ऐंशीच्या पुढच्या माणसासाठी हा प्रश्न दुय्यम आहे. आधी विचारायला हवं, की पहिले तीन महिने कसे पार पडतील?

इंग्लंडमध्ये 1998 ते 2017 या काळात झालेल्या सुमारे 58 हजार नियोजित खांदेरोपणांचा अभ्यास 2019 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केला. पंचावन्न ते एकोणसाठ वयाच्या पुरुषांत चारांपैकी एकाला आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता दिसली. पंच्याऐंशीच्या पुढच्या स्त्रियांत हेच प्रमाण 37 जणींत एक इतकं कमी होतं. मात्र पंच्याऐंशी ओलांडलेल्यांत नव्वद दिवसांच्या आत गंभीर गुंतागुंत पुरुषांत पाचांपैकी एकाला आणि स्त्रियांत नऊजणींपैकी एकीला झाली. फुप्फुसाचा संसर्ग, हृदयविकाराचा झटका, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, मूत्रपिंडाचा बिघाड असं तिचं स्वरूप. म्हणजे उतारवयात नवा सांधा बहुधा माणसाला पुरतो. धोका असतो तो शस्त्रक्रिया सोसण्याचा.

स्नायुबंध फाटलेले असतील तर बहुधा 'रिव्हर्स' पद्धतीचा सांधा बसवतात. फ्रान्सचे पॉल ग्रामाँ यांनी 1985 च्या सुमारास तो घडवला. यात गोळा आणि वाटी जागा बदलतात: गोळा खवाट्याच्या हाडावर बसतो, वाटी दंडाच्या हाडावर. मग फाटलेल्या स्नायुबंधांचं काम खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू पेलतो. दुखणं बहुतेकांचं चांगलं कमी होतं, हात पुन्हा वर जातो. पण पाठीमागे हात नेणं अनेकांना अवघड राहतं. शौचानंतरची स्वच्छता, परकराची नाडी, पाठ चोळणं या गोष्टी कोणत्या हाताने जमतील, हे आधीच बोलून घ्यावं. हाताच्या रेट्याने जमिनीवरून किंवा खुर्चीतून उठताना हा सांधा निखळू शकतो. काठी त्याच हातात धरायची सवय असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं.

पडून खांद्याचं हाड मोडलं, तर प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. ब्रिटनमधल्या 250 रुग्णांच्या 2015 च्या चाचणीत, हाड सरकलेल्या अनेकांत झोळी आणि व्यायाम यांचा दोन वर्षांनंतरचा निकाल शस्त्रक्रियेइतकाच निघाला. मोडीचा प्रकार पाहून डॉक्टर निर्णय घेतील, पण "शस्त्रक्रिया न करता भागेल का?" हे जरूर विचारावं.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर आधी तंबाखू-विडी थांबवावी, साखर आटोक्यात आणावी, हृदय आणि फुप्फुसं तपासून घ्यावीत. खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर तारीख पुढे ढकलावी लागू शकते. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बारामती असो वा पुणे, सर्जनला विचारावं: तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? गरज पडली तर आयसीयू आहे का?

घरच्यांनीही आखणी करावी. आंघोळ कोण घालणार, रात्री सोबत कोण झोपणार, फिजिओथेरपीला नेणार कोण? धाप, छातीत दुखणं, ताप, जखमेतून पाणी किंवा अचानक बरळणं दिसलं तर कोणत्या दवाखान्यात न्यायचं? ही उत्तरं तयार नसतील तर शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. नियोजित शस्त्रक्रिया थोडी लांबवता येते, आणि ती तयारी वयस्कर माणसाच्या जिवाला जपते.