घर आणि रस्ता यांच्यामध्ये नीरू

उझोदिन्मा इवेला यांची ‘स्पीक नो ईव्हिल’ ही २०१८ सालची इंग्रजी कादंबरी अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये स्थायिक झालेल्या एका सुखवस्तू, धर्मनिष्ठ ख्रिस्ती नायजेरियन कुटुंबात घडते. धाकटा मुलगा नीरू महागड्या खाजगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. धावपटू, हुशार, हार्वर्डचा प्रवेशही पक्का. परमुलखात बस्तान बसवलेल्या आईबापांनी आणखी काय मागावे?

त्याला मुलगे आवडतात, हे मात्र घरी कोणाला ठाऊक नाही. बर्फवृष्टीच्या एका दिवशी तो मेरेडिथ या गोऱ्या मैत्रिणीच्या घरी थांबतो. ती जवळ येऊ लागते तेव्हा नाइलाजाने त्याच्या तोंडून खरे निघते. मग मदत करायची म्हणून तीच त्याच्या फोनवर डेटिंगची अ‍ॅप टाकून देते आणि त्यावरचे निरोप वडिलांच्या नजरेस पडतात.

वडील त्याला मारतात आणि नायजेरियाला नेतात. तिथल्या प्रार्थनेने मुलगा सुधारेल, अशी त्यांची श्रद्धा. समलिंगी विवाहासाठी १४ वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद करणारा कायदा २०१४ साली याच देशात झाला. तरीही वडिलांना खलनायक करून टाकण्याची सोपी वाट इवेला घेत नाहीत. त्यांच्या संतापामागे धर्म आहे, तशीच धास्तीही आहे: अमेरिकेत येऊन सगळे कमावले आणि मुलगाच हातचा गेला. नीरूलाही वडिलांचा राग येतो, पण त्यांची शाबासकी हवीच असते. संवादांना अवतरणचिन्हे नसल्यामुळे बोललेले आणि मनात राहिलेले एकमेकांत मिसळते.

शेवट सांगितल्यावाचून या कादंबरीविषयी बोलता येत नाही. एका पार्टीच्या रात्री नीरू आणि मेरेडिथ यांचे रस्त्यात भांडण होते. काळा मुलगा गोऱ्या मुलीवर हल्ला करतो आहे, अशा समजुतीने पोलीस गोळी झाडतात. पुढचा भाग काही वर्षांनंतरची मेरेडिथ सांगते.

इवेला स्वतः वॉशिंग्टनमध्ये १९८२ साली जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले डॉक्टर. जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालक एन्गोझी ओकोन्जो-इवेला या त्यांच्या आई. बालसैनिकावरची त्यांची पहिली कादंबरी, ‘बीस्ट्स ऑफ नो नेशन’, सबंध त्या मुलाच्याच तोंडून येते. इथे मात्र निवेदन मेरेडिथकडे जाते आणि ते खटकते. तिचा पश्चात्ताप नीरूच्या कथनाइतका जिवंत उतरलेला नाही. पण जन्मभर ज्याला गप्प बसवले गेले, त्याची गोष्ट अखेर दुसऱ्याच्या हाती जाते, ही मांडणी लेखकाने जाणूनबुजून केली आहे.