इंजेक्शननंतरचा लुळेपणा : कारणे आणि कर्तव्य

रायगड जिल्ह्याच्या मुरुड तालुक्यात राजपुरी, एकदरा यांसारखी किनाऱ्यावरील गावे आहेत, तशाच डोंगरउतारावर आदिवासी वाड्याही आहेत. येथे काय किंवा राज्यात अन्यत्र काय, मूल तापाने फणफणले की ‘एक सुई द्या’ असा आग्रह धरला जातो. सुईनंतर पायातील शक्ती गेली, तर ‘सुई बाधली’ असे म्हणून पालक स्वस्थ बसतात, अथवा पुढील लसीकरणच नाकारतात. या दोन्ही गोष्टी घातक आहेत.

कारणे निरनिराळी

टोचलेल्या जागी दुखत असल्याने मूल एक-दोन दिवस पाय हलवीत नाही. हा लुळेपणा नव्हे. परंतु कुल्ल्यावर चुकीच्या जागी सुई दिल्यास तेथून पायात उतरणाऱ्या जाड मज्जातंतूला इजा होऊ शकते. अशा वेळी बहुधा लगेच तीव्र कळ येते, त्याच पायाचे पाऊल लोंबकळते व बधिरता येते. कृश बालकांना हा धोका अधिक असतो. म्हणूनच तान्ह्या मुलांना स्नायूत द्यावयाची लस मांडीच्या बाहेरील बाजूस देतात.

पोलिओच्या विषाणूचा संसर्ग झालेला असताना स्नायूत सुई दिली, तर त्याच अवयवाला पक्षाघात होण्याचा संभव वाढतो, असे १९५० च्या सुमारास ब्रिटनमधील अभ्यासातून दिसून आले. भारतात नैसर्गिक पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. तथापि शेजारील पाकिस्तान व अफगाणिस्तानात हा विषाणू टिकून असल्याने दक्षता आवश्यकच आहे.

दोन्ही पायांपासून सुरू होऊन वर चढत जाणारा अशक्तपणा गुलियन-बारे विकाराचा असू शकतो. श्वसनाचे स्नायू दुबळे झाल्यास जिवाला धोका उद्भवतो. हा विकार लसीनंतर क्वचितच, बहुधा जंतुसंसर्गानंतर होतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात त्याची साथ उद्भवली, तेव्हा संशयाचा रोख दूषित पाण्याकडे होता.

गावाने काय करावे?

कारण कोणते, हे घरी ठरविता येत नाही. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात वा पाय अचानक लुळा पडल्यास, सुई दिलेली असो वा नसो, त्याच दिवशी आरोग्य केंद्रास कळवावे. पोलिओची शहानिशा करण्यासाठी लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यावे लागतात. विलंब झाल्यास खात्रीशीर निदानाची संधी हुकते. दरम्यान मालीश व अनावश्यक इंजेक्शने टाळावीत. गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होत असल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

शाळेत न येणाऱ्या मुलाची शिक्षकांनी चौकशी करावी, वाडीवस्तीवरील वार्ता पंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीपर्यंत पोहोचवावी. तापावर बहुतेक वेळा तोंडाने घ्यावयाचे औषध पुरेसे असते, हेही ग्रामसभेत सांगावे. सुईचा आग्रह कमी व्हावा, लसीवरील विश्वास मात्र ढळू नये, ही जबाबदारी साऱ्या गावाची आहे.