मणक्याचं दुखणं आणि गुलमर्गचा बर्फ : निघण्याआधी हे समजून घ्या

डिसेंबर लागला की आमच्या मोरगाव, सुपे, बारामतीकडच्या घरांत काश्मीरचा विषय निघतोच. दौंडला झेलम एक्स्प्रेस धरली की दोन रात्रींनी जम्मू, आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत वंदे भारतही सुरू झाली आहे. पोरांना गुलमर्गच्या बर्फावर स्की करायची असते. त्याच घरात एक माणूस मात्र गप्प असतो. बहुतेक वेळा ते अब्बाच. उसाच्या मोळ्या उचलून, दुधाचे कॅन चढवून किंवा मोटारसायकलवरून पडून त्यांची कंबर कधीचीच गेलेली असते. "मणक्यात गॅप आहे, नस दबली आहे," असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. पण पोरांचा हिरमोड नको म्हणून ते "बघू, होईल" म्हणतात आणि बॅगेत दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट टाकतात. हा लेख त्या घरांसाठी.

थंडीत कंबर का धरते?

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंच आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, यावरून अंदाज घ्या. २१ डिसेंबरपासून ४० दिवस काश्मीरमध्ये 'चिल्ला-ए-कलां', म्हणजे सगळ्यात कडक थंडी. या दिवसांत गुलमर्गला रात्री पारा उणे १० अंशांपर्यंत किंवा त्याच्याही खाली जातो. अशा थंडीत कातडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू ताठ होतात. शिवाय आपण कुडकुडत खांदे आवळून, वाकून चालतो. आधीच दुखणाऱ्या कमरेवर त्याचा ताण येतो, आणि अचानक वाकलं किंवा वळलं की चमक भरते.

स्की करताना गुडघे वाकवून, अंग थोडं पुढं झुकवून उभं राहावं लागतं आणि वळताना शरीराला पीळ बसतो. शिकाऊ माणूस तर पडणारच. पडला की बहुधा बुडावर आपटतो आणि दणका सरळ मणक्यावर जातो. टंगमर्गजवळच्या आरिफ खान यांचं उदाहरण घ्या. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ते एकमेव भारतीय खेळाडू होते. जायंट स्लॅलममध्ये ते ४५ वे आले, पण स्लॅलममध्ये त्यांची फेरी पूर्ण होऊ शकली नाही. लहानपणापासून बर्फावर वाढलेल्या माणसाची ही गत, तर पहिल्यांदा स्की बांधणाऱ्या आपलं काय!

स्की नको, मग स्लेज चालेल का?

इथंच बरेच जण फसतात. "स्की नको, स्लेजवर नुसतं बसायचं तर आहे," असं वाटतं. पण स्लेज, स्नो-स्कूटर आणि घोडा या तिन्हींत बसल्या जागी खालून हादरे बसतात. दुखऱ्या मणक्याला ते स्कीइतकेच वाईट ठरू शकतात. त्यापेक्षा गोंडोलानं वर जाऊन बर्फ बघावा, सपाट जागी सावकाश चालावं. घसरू नये म्हणून चांगली पकड असलेले बूट भाड्यानं घ्यावेत, हातात काठी ठेवावी. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटला सुमारे ३,९०० मीटरवर नेतो. तिथं हवा विरळ असते, म्हणून दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी पहिल्या टप्प्यावरच थांबलेलं बरं.

काय काळजी घ्यायची?

निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि "फिरायला जातोय" एवढंच न सांगता "बर्फात जातोय" असं नीट सांगा. गाडीत सलग बसू नका. अर्ध्या-पाऊण तासानं उठून चार पावलं टाका. अंगात सुती बनियन घामानं ओलं राहतं, त्यापेक्षा थर्मल आणि त्यावर लोकर बरी. बाहेर पडण्याआधी खोलीतच दहा मिनिटं चालून अंग गरम करा. जड बॅग पोरांनी उचलावी. कंबरेचा पट्टा आधार देतो, पण तो बांधला म्हणून स्की करायची परवानगी मिळत नाही. गोळी खाऊन बर्फावर उतरणं तर सगळ्यात धोक्याचं. दुखणं तसंच असतं, फक्त ते सांगणारी घंटा बंद होते.

कांगडीची ऊब छान वाटते, पण ती घेऊन झोपू नका. शुगरवाल्यांच्या पायांना चटका कळत नाही. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, तो वेगळाच धोका.

कुणी पडलं आणि पाठीत जोराची कळ आली, तर हाताला धरून उभं करू नका. जागेवरच, पण अंगावर पांघरूण घालून ठेवा आणि बर्फावरच्या बचाव पथकाला बोलवा किंवा ११२ ला फोन करा. पायात ताकद न राहणं, जांघेत बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. श्रीनगर तिथून सुमारे ५० किलोमीटर आहे आणि बर्झुल्ला भागात हाडांचं सरकारी रुग्णालय आहे.

नमाज आणि वुजू

पाय धुवायला वाकणं कमरेला जड जातं. वुजू करून चामडी मोजे घातले असतील, तर मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री त्यांवर मसह करायची सवलत आहे. बाकी तपशील आपल्या मसलकप्रमाणे आलिमांना विचारावेत. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना नबी-ए-करीम (स.) यांनी त्यांना उभं राहून, ते जमत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज पढायला सांगितलं. ही हदीस सहीह बुखारीत आहे.

आता विचार करा. जिथं फर्ज नमाजमध्ये दुखऱ्या शरीराला सवलत आहे, तिथं एका फोटोसाठी, एका घसरगुंडीसाठी आपण अब्बांना भरीला का घालायचं? पोरांनो, तुम्ही खुशाल स्की शिका, पण प्रशिक्षकाकडून. अब्बांसाठी उन्हात एक खुर्ची टाका, हातात गरम कहवा द्या. आणि अब्बांनो, "मला जमणार नाही" हे घरातच, तिकीट काढण्याआधीच सांगून टाका. त्यात कसली आलीय लाज? सहल चार दिवसांची असते. कंबर मात्र परत येऊनही रोज लागणार आहे.